दिवा लागायच्या आधी

“झाकण काढू नको,” आण्णा म्हणाले. “आधी हात धू.”

“धुतलेत की.”

“साबण लावून?”

मी उठले आणि साबण लावून पुन्हा हात धुऊन आले. तोवर आण्णांनी खोक्यातला फोमचा एकेक थर काढून भिंतीशी नीट रचून ठेवला होता. आमच्याकडे खोकं फाडायची पद्धत नव्हती. जयसिंगपुरातल्या आमच्या नेजकर फोटो स्टुडिओच्या माळ्यावर पहिल्या एनलार्जरपासून सगळ्या यंत्रांची रिकामी खोकी जपून ठेवलेली होती. यंत्रं भंगारात गेली, खोकी राहिली.

स्टुडिओच्या मधोमध, पांढऱ्या पंच्यावर माझा कॅमेरा बसला होता. लग्नाच्या व्हिडिओचा नव्हे, सिनेमाचा. काळा, चौकोनी, विटेएवढा आणि विटेइतकाच जड. हा घ्यायला आईनं पाटल्या मोडल्या नव्हत्या की आण्णांनी शेत विकलं नव्हतं. शिरोळ तालुक्यातल्या नवरदेवांना घोड्यावर चढताना आणि उतरताना टिपण्यात माझी कित्येक वर्षं गेली होती, त्यातून तो आला होता. आदल्या दिवशी मुंबईहून येताना मी बसमध्ये तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

“एवढुसाच?” आई म्हणाली. तिच्या हातात तबक होतं. हळद, कुंकू, नारळ, निरांजन. खंडेनवमीला आमचे सगळे कॅमेरे ओळीनं मांडून ती त्यांना गंध लावायची. नवा आला म्हणजे त्याचीही पूजा व्हायलाच हवी. मी नुकतंच पुढचं झाकण काढून आत डोकावले होते आणि लेन्स घ्यायला वळले होते. आईनं करंगळीशेजारचं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि सरळ कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडाकडे नेलं.

आण्णा खुर्चीतून झेपावले. त्यांना इतक्या चपळाईनं हललेलं मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या तोंडावर त्यांनी आपला तळवा धरला आणि आईचं बोट त्यांच्या हाताच्या पाठीवर टेकलं.

“त्याच्या डोळ्यात घालतीस काय कुंकू?”

“मला काय ठाऊक, डोळा कुठं आन् कपाळ कुठं. सगळं काळंच हाय,” आई म्हणाली.

आतल्या त्या काचेवर धुळीचा कण बसला तरी जीव जातो, तिथं ओलं कुंकू गेलं असतं तर कॅमेरा चालू व्हायच्या आधीच संपला असता. मी घाईनं लेन्स बसवली. मागं आण्णा टेबलाला धरून हळूच खाली बसले.

“काय झालं?”

“काय न्हाई. गॅस. सकाळी पोहे खाल्ले जरा जास्त.”

आईनं तबक खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे बघितलं. मग कुंकवाचं बोट खोक्याला लावून पूजा उरकून टाकली. मी बॅटरी चढवण्यात दंग होते.

त्या दिवशी माझ्याकडे वेळ नव्हता. पुण्याचे सामंत म्हणून एक दिग्दर्शक होते. गडचिरोलीकडच्या जंगलात एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्यावर ते सिनेमा करत होते. त्यांचा कॅमेरामन ऐन वेळी सुटला. माझी एक छोटी फिल्म त्यांनी कुठंतरी पाहिली होती, त्यावरून फोन आला. महिना-दीड महिना मुक्काम, तिथं फोन लागत नाही, कॅमेरा स्वतःचा हवा, आणि निघायचं परवा. पण त्याआधी परीक्षा. “आज संध्याकाळपर्यंत मला एक तुकडा पाठव,” सामंत म्हणाले होते. “म्हातारा चेहरा, खिडकीचा उजेड, मेकअप नाही. तुझा कॅमेरा काय दाखवतो आणि तू काय बघतेस, दोन्ही कळलं पाहिजे. पुण्यातला एकजण तयारच आहे, तेव्हा उशीर नको.”

हे काम मिळालं तर मी सिनेमावाली होणार होते. नाही मिळालं तर येत्या रविवारी उदगावला एक लग्न होतंच.

माझ्याइतकीच, किंवा जास्तच, आण्णांना त्याची ओढ होती. तरुणपणी ते कोल्हापूरच्या एका फिल्म स्टुडिओत होते. आधी ट्रॉली ढकलायचे, मग कॅमेऱ्याच्या लेन्स पुसायला लागले, आणि तिसऱ्या पायरीला पाय लावायच्या आत घरी परत आले. का आलात, असं गिऱ्हाइकानं विचारलं की म्हणायचे, “कोल्हापूरचं पाणी पोटाला सोसेना.” गिऱ्हाईक हसायचं. आम्हीही हसायचो. नंतर त्यांनी इथं स्टुडिओ काढला आणि आख्ख्या तालुक्याचे पासपोर्ट, मुंजी, डोहाळे आणि वर्षश्राद्धाचे फोटो काढले.

त्यांचा एक नियम होता, तो इथंच सांगायला हवा. जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याला आपण कधी टिपतो हे सांगणारा दिवा नसायचा. आण्णांनी स्टँडला सायकलचा लाल दिवा बांधला होता. दिवा लागला की समोरच्यानं समजायचं, आता फोटो. त्याच्या आधी माणसं पदर सावरतात, दातात अडकलेलं काढतात, रुसलेली नवरानवरी एकमेकांना काहीतरी टोचून बोलतात. तेव्हा आण्णा समोर बघायचेच नाहीत. मान खाली घालून कॅमेऱ्याशी काहीतरी करत राहायचे. “दिवा लागेपर्यंत चेहरा त्याचा,” ते मला शिकवायचे. “दिवा लागला की तो आपल्याला देतो. दिल्याशिवाय घ्यायचं न्हाई. बघायचंसुद्धा न्हाई.” शिरोळच्या, नांदणीच्या, दानोळीच्या बायका दुसऱ्या स्टुडिओत गेल्या नाहीत त्या एवढ्यासाठीच. मी व्हिडिओ करायला लागल्यावर माझ्याही अंगात तेच मुरलं. लाल दिवा लागायच्या आधी माझी नजर आपोआप खाली जायची.

पहिला प्रयोग आईवर केला. तिला खिडकीशी उभी केली, कॅमेरा चालू केला, आणि तिघंही मॉनिटरवर वाकलो. सगळं राखाडी. आईची जर्द पिवळी साडी मळक्या पंच्यासारखी दिसत होती.

“राखेत लोळल्यागत दिसतंय,” आई म्हणाली. “फसवलं बघ तुला मुंबईवाल्यांनी.”

असंच दिसणार हे मी वाचलेलं होतं, तरी मॉनिटर हातानं पुसून पाहिला. वाचणं वेगळं आणि आपल्या घामाचा कॅमेरा आपल्या आईला राखाडी दाखवतोय हे बघणं वेगळं. मी त्यांना समजावून सांगितलं, की हा कॅमेरा आधी सगळे बारकावे गोळा करतो, रंग नंतर आपण भरायचे असतात.

“असं म्हण की,” आण्णांचा चेहरा खुलला. “आम्ही ब्रशनं भरायचो. साडी कंच्या रंगाची होती म्हणून बाईला विचारायचो, ती म्हणायची, लाल न्हवती, पण लालच भरा.”

मॉनिटरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. दुकानातल्या माणसानं मला कॅमेरा दाखवताना त्यातल्या सगळ्या सोयी पटापट चालू करून दाखवल्या होत्या. त्यातलं निम्मंसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. ठिपका बॅटरीचा असेल म्हणून मी सोडून दिला.

“चला आण्णा. आता तुम्ही बसा.”

“मी कशाला? त्या चहावाल्या भरमूला बोलव. त्याचं तोंड बघ, नुसत्या सुरकुत्या.”

“भरमूकाका बोलायला लागले की थांबत नाहीत.”

“आज नको गं,” आई मध्येच म्हणाली. “दमलेत ते. उद्या घे.”

“उद्या कसं चालेल? आज पाठवायचंय.”

आण्णांनी आईकडे एकदा बघितलं. “बसतो. दाढी करून येतो तेवढी.”

“दाढी नाही करायची. असेच हवेत.”

“दाढी न केलेला माणूस आजवर या खुर्चीत बसवला न्हाई मी,” असं पुटपुटत ते बसले. खिडकीचा उजेड त्यांच्या उजव्या गालावर पडला. डाव्या बाजूला अंधार फार होत होता, म्हणून मी आईच्या हातात थर्माकोलचा पांढरा तक्ता दिला आणि तिला त्यांच्या शेजारी, फ्रेमच्या जेमतेम बाहेर उभं केलं. कॅमेऱ्यातून आण्णांच्या डोळ्यांवर फोकस लावला. पापणीचा केस न् केस दिसत होता. मला वाटलं, झालं, जिंकलो.

तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. कर्ण्यावर गाणं लावलेलं.

“शटर ओढून घेते,” मी म्हटलं आणि पुढच्या खोलीत गेले. आमचं शटर हट्टी. एका बाजूला लाथ मारल्याशिवाय उतरत नाही. ते उतरवून मी परत आले. नेहमीप्रमाणे मान खाली घालून कॅमेऱ्याच्या बाजूची बटनं बघितली, “आण्णा, तयार?” म्हणाले, बटन दाबलं. लाल दिवा लागला. तेव्हा मी वर बघितलं.

आण्णा मजेत बसले होते. सामंतांना काहीतरी बोलणारा माणूस हवा होता, म्हणून मी त्यांना कोल्हापूरची गोष्ट सांगायला लावली. त्यांनी ट्रॉली सांगितली, राजवाड्याच्या सेटला लावलेला गिलावा नटाच्या डोक्यावर कसा पडला ते सांगितलं आणि शेवटी पोटाला न सोसलेलं पाणीही आलं. मी “झालं” म्हटल्यावर ते म्हणाले, “जरा पाठ टेकतो,” आणि वर गेले. आईही त्यांच्या मागोमाग गेली. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं, तिला स्वयंपाकाला लागायचं असेल असं मला वाटलं.

जुनी डार्करूम म्हणजे आता माझी एडिटिंगची खोली. कार्ड संगणकाला लावलं, हेडफोन चढवला आणि तुकडा उघडला.

पहिला आवाज आला तो शटरचा. खडखड, मग लाथ, मग पुन्हा खडखड.

मी तुकडा थांबवला. शटर तर मी बटन दाबायच्या आधी ओढलं होतं. तेव्हा कॅमेरा बंद होता. मला वाटलं, दुसरा कुठला तरी तुकडा उघडला गेलाय. पण एकच तुकडा होता.

पुन्हा सुरू केला.

पडदाभर आण्णांचा चेहरा होता. माझ्या ओळखीचा नव्हता तो. ओठ पांढरे पडलेले, दात आवळलेले, कपाळावर घामाचे थेंब. इतके स्पष्ट, की एक भुवईत उतरताना दिसला. त्यांचा उजवा हात छातीवर होता आणि बोटं सदऱ्याचं कापड चुरगाळत होती. ते श्वास घेत होते आणि मध्येच अडकत होते. मग थर्माकोलच्या पांढऱ्या कडेआडून आईचा हात आला. बांगड्या मागं सारलेला. चिमटीत एक बारीक गोळी होती. आण्णांनी तोंड उघडलं, जीभ उचलली, आईनं गोळी आत ठेवली. दोघांनाही त्यात काही नवीन नव्हतं. ते किती सराईतपणे झालं, याचाच मला जास्त धक्का बसला.

कॅमेऱ्याच्या माइकनं त्यांची कुजबुज नीट पकडली होती.

“सांगू या तिला,” आई म्हणत होती. “मला न्हाई सोसत आता.”

“गप. परवा जाऊ दे तिला.”

“आन् तवर काय झालं तर?”

आण्णांनी जिभेखालची गोळी सावरली. मग म्हणाले, “माझा बाप दम्यानं जातोय म्हणून कोल्हापूरला तार आली. मी आलो. त्यो म्हातारा पुढं वीस वर्षं जगला. पोरीला असल्या तारा करायच्या न्हाईत.”

मग माझाच आवाज आला, अगदी जवळून, आनंदी. “आण्णा, तयार?” आण्णांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, हात छातीवरून खाली घेतला, मांडीवर ठेवला, आणि चेहरा लावला. दुसरा शब्द मला सुचत नाही. भिंतीवर फोटो लावावा तसा त्यांनी चेहरा लावला. त्याच क्षणी मी बटन दाबलं होतं.

तो हिरवा ठिपका कशाचा होता ते मला तेव्हा उमगलं. बटन दाबायच्या आधीचं एक मिनिट हा कॅमेरा आपल्या पोटात धरून ठेवतो आणि बटन दाबलं की तेही जोडून देतो. वाघ झुडपातून कधी बाहेर पडेल सांगता येत नाही, अशा लोकांसाठी केलेली सोय. लाल दिवा तेव्हा लागत नाही. ज्याला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही तो माणूस कदाचित सावध राहिला असता. आम्ही तिघंही आयुष्यभर दिव्यावर विश्वास ठेवत आलेले.

गेले काही महिने आण्णा कॅमेऱ्याची तिवई उचलत नव्हते. मला वाटायचं, पोरगी मोठी झाली म्हणून मान देतात. जिना चढताना मध्येच थांबून मला म्हणायचे, तू हो पुढं. मीही व्हायचे पुढं.

वर गेले तेव्हा आई भाकरी थापत होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

तिनं काय म्हणून विचारलं नाही. परातीतला हात तसाच राहिला. “दिवाळीपासनं. डॉक्टर म्हणालेत, मिरजेला जाऊन सगळं तपासून घ्या, लांबवू नका. आता हे म्हणतात, राजू गेली की जाऊ.”

“आणि तू ऐकलंस?”

“तू ऐकलं नसतंस?” आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी जळू दिली. तिला भाकरी जळू देताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आण्णा आतल्या खोलीत पडले होते. माझी चाहूल लागताच उठून बसले आणि त्यांनी पुन्हा तो चेहरा लावला. आता मला तो ओळखू येत होता.

“पाठवलंस?”

“आण्णा, उठा. मिरजेला जायचंय.”

त्यांनी दाराकडे, आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. “मी न्हाई सांगितलं.”

“मग कुणी?”

“कॅमेऱ्यानं,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. शटर, गोळी, तार, वीस वर्षं. ते ऐकत होते. त्यांना भीती वाटेल, ते ओशाळतील, किंवा हसून उडवून लावतील असं मला वाटलं होतं. ते संतापले. आण्णांना माझ्यावर संतापलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं, आणि आवाजसुद्धा चढला नव्हता.

“दिवा लागला नव्हता,” ते म्हणाले.

“मला माहीत नव्हतं की—”

“दिवा लागला नव्हता, राजमती.”

मला घरात सगळे राजू म्हणत. पुऱ्या नावानं फक्त शाळेचा दाखला हाक मारायचा. मी रडायला लागले. आई म्हणाली, “तिच्यावर कशाला राग? यंत्रानं केलं.”

“यंत्र तिचं हाय,” आण्णा म्हणाले. मग पाय खाली सोडत, “दाखव.”

“आता नाही. आधी मिरज.”

“सुकुमारला फोन लाव. त्याची गाडी येईपर्यंत दाखव.”

सुकुमारचं शेजारी खताचं दुकान होतं. तो शिरोळला गेला होता, लगेच निघतो म्हणाला. आईनं पिशवी भरायला घेतली. आण्णांना धरून मी खाली आणलं, डार्करूममध्ये बसवलं. त्यांनी स्वतःला बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हेडफोन लावून. गोळीच्या वेळी ते थोडे पुढं वाकले.

“फोकस बरोबर हाय,” ते म्हणाले. “डावीकडं अजून थोडा उजेड पायजे होता. तुझ्या आईचा तक्ता हलालाय.”

“ती गोळी देत होती, आण्णा.”

“ते दिसालंय मला.” त्यांनी हेडफोन काढला. राग गेला होता. जे उरलं होतं त्याला काय म्हणावं मला कळेना. “असला चेहरा मी उभ्या जन्मात टिपला न्हाई. त्या सामंतानं बघितला तर तुला हातातनं सोडणार न्हाई.”

“मी हे कुणालाही पाठवणार नाही. आणि मी जाणारही नाही. त्या पुण्याच्या माणसाला जाऊ दे.”

“पाठवायचं न्हाईच. पुस ते. न दिलेला चेहरा ह्या स्टुडिओतनं बाहेर गेलेला न्हाई.” मग त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार होता. “पण जाणार न्हाई म्हणालीस तर मीसुद्धा मिरजेला येत न्हाई. सुकुमारची गाडी आली तशी परत जाईल.”

“ही काय जबरदस्ती?”

“हो. जबरदस्ती.”

मला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती आणि त्यांचा इतका राग येत होता की हातातला माऊस मी टेबलावर आपटला. ते थांबले. त्यांना माहीत होतं मी काय म्हणणार ते. मलाही माहीत होतं.

“जाते,” मी म्हटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना त्या संध्याकाळी घरी सोडलं नाही. हृदयाच्या तिन्ही नळ्या तुंबल्या होत्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हे जिना चढून आले? स्वतःच्या पायानं?” ऑपरेशन झालं. त्यांना वॉर्डात हलवलं त्या सकाळी मी गडचिरोलीला निघाले. बापाला दवाखान्यात टाकून पोरगी शूटिंगला गेली, असं जयसिंगपुरात पुष्कळ दिवस बोललं गेलं, आणि आई मुद्दाम बाजारात जाऊन प्रत्येकाला सांगत राहिली की त्यांनीच पाठवली. मी पोचले तोवर सामंतांनी पुण्याच्या माणसाला घेऊन सुरुवात केली होती. निम्मा सिनेमा त्याचा झाला, निम्मा माझा. मला तेवढा पुरला. आण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगले. त्यांच्या बापाइतके नाही. पण सिनेमा लागला तेव्हा पहिल्या रांगेत बसले, आणि माझा भाग कुठं सुरू होतो ते न सांगता ओळखलं.

तो तुकडा मी त्याच दिवशी पुसला, त्यांच्यासमोर. आजही नवा कॅमेरा हातात आला की मी आधी ती सोय बंद करते आणि मगच लेन्स चढवते.

पण सामंतांना पाठवलेला तुकडा कुठला, ते राहिलं.

गाडी अजून आली नव्हती. आई पिशवी घेऊन दारात उभी होती, मी दर मिनिटाला रस्त्यावर डोकावून येत होते. आण्णा डार्करूममधून उठले, भिंतीला धरत स्टुडिओत आले आणि त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

“लाव कॅमेरा.”

“आण्णा, आता नको. जीव जाईल माझा.”

“गाडी येईस्तोवर नुसतं बसायचंच हाय. तुला परीक्षा द्यायची हाय न्हवं? दे.” मग आईला म्हणाले, “तू तक्ता धर. आन् हलवू नको.”

आईनं पिशवी खाली ठेवली आणि तक्ता उचलला. या वेळी तो तिनं घट्ट धरला. मी कॅमेऱ्यामागं गेले. हिरवा ठिपका बंद केला. दोनदा तपासून पाहिला. फोकस लावायला मला फक्त त्यांच्या डोळ्यांपुरतं बघायचं होतं. तेवढंच बघितलं आणि सवयीनं मान खाली घातली. बटनावर बोट ठेवून उभी राहिले. दाबवत नव्हतं.

“राजू,” आण्णा म्हणाले. “बघ माझ्याकडं.”

“दिवा नाही लागला अजून, आण्णा.”

“ठाऊक हाय मला. बघ.”

मी मान वर केली. त्यांनी चेहरा लावला नव्हता. ओठ पांढरे होते, हात छातीवर होता, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी बघत राहिले. मग बटन दाबलं.